मदत हवी आहे: रिप्लाय नाही आला की धडधड सुरू (बीपीडी)

मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (बीपीडी; यात भावना टोकाला जातात, माणसं सोडून जातील याची फार भीती वाटते) आहे, गोळ्या आणि डीबीटी (भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी थेरपी) दोन्ही चालू. ब्लू टिक दिसली आणि मैत्रिणीचा रिप्लाय नाही आला की विचार यायच्या आधीच छाती धडधडते, हात गार पडतात, पोटात गोळा येतो आणि मग "हिला मी नकोच आहे" हे शंभर टक्के खरं वाटायला लागतं. ईसीजी, थायरॉइड नॉर्मल आहे. जिवाचं बरंवाईट करायचे विचार सध्या नाहीत. घरी गार पाण्यात तोंड बुडवलं की ठोके खरंच उतरतात, पण ऑफिसात डेस्कवर ते कसं करणार? श्वास मोजायला गेले तर उलट धडधडीकडेच लक्ष जातं. फोन बंद ठेवता येत नाही, क्लायंटचे कॉल असतात. "दुर्लक्ष कर" प्लीज नको, ते आई रोज सांगते. चारचौघांत कोणाला न कळता तुम्ही शरीर नेमकं कसं शांत करता, आणि तोवर मेसेजवर मेसेज टाकायचा हात कसा आवरता?