बॉक्साइट, कडप्पा, सीतापराइट: गावांवरून आलेली दगडांची नावं

प्रश्न (इंदूर)
मुलीच्या पुस्तकात 'बॉक्साइट' आलं. ती विचारते, यातला बॉक्स कुठला? कोशात 'ॲल्युमिनियमचं खनिज' एवढाच अर्थ सापडला. 'आइट' हा प्रत्यय कसला? आणि आपल्या बोलण्यात गावावरून दगडाला नाव द्यायची रीत आहे का?

उत्तर
ताई, खोक्याचा इथे काही संबंध नाही. दक्षिण फ्रान्समध्ये ले बो नावाचं गाव आहे. पिएर बेर्तिए या फ्रेंच भूवैज्ञानिकांनी १८२१ साली तिथल्या तांबूस दगडाचं पृथक्करण प्रसिद्ध केलं आणि पुढे गावाचंच नाव दगडाला मिळालं. फ्रेंच लिखाणात या गावाच्या नावाअखेर 'एक्स' असतो. नुसतं गाव म्हणताना तो मुका राहतो, प्रत्यय लागला की उच्चारात येतो. (काटेकोर बोलायचं तर बॉक्साइट हा खडक आहे, एकच एक खनिज नव्हे.)

'आइट' मूळचा ग्रीक, अर्थ 'तिथला, त्याच्याशी नातं असलेला'. आपला 'ई' हेच काम करतो: शहाबादी फरशी, धोलपुरी दगड. फरक एवढाच की शहाबादी म्हटलं की माल शहाबादचा, असं आपण धरून चालतो. बॉक्साइट मात्र अमरकंटकच्या पठारावर निघालं तरी बॉक्साइटच. शास्त्रीय नाव पहिल्या ओळखीची जागा सांगतं, आत्ताची खाण नव्हे.

आणखी एक
आपल्याकडे तर प्रत्ययाचीही गरज पडत नाही. इंदुरात घराघरात कोटा आहे, ओट्याला कडप्पा आहे. आंध्रातल्या गावाचं नाव सरळ सामान्यनाम झालं, त्याचं अनेकवचनही होतं: 'कोठीत दोन कडप्पे टाकून घेतले.' गावाचं अनेकवचन करणारी भाषा मला फार लोभस वाटते.

पहिल्या उत्तराला जोडून
पहिल्या ओळखीची जागाही नेहमी बरोबर असते असं नाही. अँडालुसाइट या खनिजाला १७९८ मध्ये स्पेनच्या अँडालुसिया प्रांताचं नाव मिळालं, पण मूळ नमुने तिथले नव्हतेच. ते माद्रिदच्या उत्तरेकडच्या एल कार्दोसोचे. नाव रुळलं ते रुळलंच.

मला खरी हळहळ वाटते ती आपल्या शेजारच्या झाबुआबद्दल. तिथल्या काजळीडोंगरीच्या मँगनीज खाणीतून एक नवं खनिज हाती आलं. बेरियम आणि मँगनीजचं ऑक्साइड. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फर्मर यांनी १९०६ साली त्याला नाव दिलं हॉलंडाइट, आपल्या खात्याचे संचालक थॉमस हॉलंड यांच्यावरून. त्याच खाणीतल्या दुसऱ्या खनिजाचं नाव विंचाइट, ते शोधणाऱ्या विंच यांच्यावरून. आज जगभर ही दोन नावं चालतात आणि दोन्हींचं मूळ स्थान म्हणून काजळीडोंगरीची नोंद आहे, पण नावात ती कुठेच नाही. 'काजळी' या शब्दातच काळेपणा आहे आणि हॉलंडाइटही काळंच. इतकं जुळणारं नाव हाताशी असताना वाया गेलं.

प्रश्नकर्तीकडून
मग मध्य प्रदेशातल्या एकाही गावाचं नाव लागलं नाही?

उत्तर
लागलं होतं. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापारवरून फर्मर यांनीच १९०९ मध्ये एका खनिजाचं नाव 'सीतापराइट' ठेवलं. पुढे तपासण्या झाल्या तेव्हा ते अमेरिकेतल्या यूटामध्ये सापडलेलं बिक्सबाइटच निघालं. बिक्सबाइट हे नाव १८९७ चं. एकाच खनिजाला दोन नावं असली की सहसा आधीचं टिकतं, त्यामुळे सीतापार मागे पडलं. बालाघाटच्या तिरोडीवरून आलेलं 'तिरोडाइट'ही नंतरच्या वर्गीकरणात मान्य नावांतून गेलं.

तेव्हा जुन्या मँगनीज अहवालात सीतापराइट दिसलं तर बिक्सबाइट समजून वाचा, पण कोशात दोन्ही नोंदी ठेवाव्यात असं माझं आग्रहाचं मत आहे. रद्द झालेलं नावही वाचणाऱ्याला लागतंच.