टीआरएनए ‘भारित’ म्हणावा का? दुसरे क्रियापद हवे आहे

नौपाडा, ठाणे (शिकवणी घेते)

अकरावी-बारावीच्या मुलांना मी जीवशास्त्र शिकवते. माझ्याकडची बरीच मुले मराठी शाळेतून आलेली आहेत, म्हणून आधी मराठीत समजावते आणि मग इंग्रजी संज्ञा देते. परवा एका मुलीच्या वहीत टीआरएनएचे, म्हणजे प्रथिन बनताना अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या रेणूचे, चित्र पाहिले. तिपानी आकृती सुबक काढली होती, वरच्या टोकाला अमिनो आम्लाचा गोळा होता आणि गोळ्याशेजारी लाल पेनाने अधिकचे चिन्ह. हे कशाला, असे विचारल्यावर म्हणाली, “मॅडम, भारित टीआरएनए ना? धन की ऋण ते दिलं नव्हतं, म्हणून मी धन धरला.”

तिच्या हातातल्या मार्गदर्शकात खरोखरच ‘भारित टीआरएनए’ असे छापले आहे. टीआरएनएवर त्याचे अमिनो आम्ल बसले की इंग्रजीत त्याला ‘चार्ज्ड’ म्हणतात, त्याचे हे मराठी. पण विज्ञानाच्या तासाला भार, प्रभार म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे वीज येते. त्यातून टीआरएनएचा कणा फॉस्फेटांचा, म्हणजे अमिनो आम्ल असो वा नसो, ऋणप्रभार त्याच्यावर असतोच. ‘भारित’ म्हटल्याने रिकामा टीआरएनए आणि आम्ल बसलेला टीआरएनए यांतला फरकच पुसला जातो.

मग म्हणायचे काय? ‘लादलेला’मध्ये जबरदस्ती वाटते. ‘चिकटवलेला’ म्हटले की डिंक आठवतो. ‘जोडलेला’ बरा आहे, पण फिका. आणि हे काम करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) काय म्हणावे? ‘संश्लेषक विकर’ म्हटले की मुले धरून चालतात की ते अमिनो आम्ल तयार करते. ते तर फक्त बंध तयार करते.

ऐरोली (जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत)

ताई, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. शब्दाचा अर्थ लावायचा तिने प्रयत्न तरी केला.

‘जोडणे’ फिके का वाटते ते सांगते. आपल्याकडे जोडणे आणि जुळवणे अशी दोन क्रियापदे आहेत. नळ जोडतात, पत्रिका जुळवतात. जुळवणाऱ्याला दोन्ही बाजू ठाऊक असाव्या लागतात, आणि या विकराची सगळी करामत त्यातच आहे. त्याचे पूर्ण नाव अमिनोॲसिल टीआरएनए सिंथेटेज. अमिनो आम्ले वीस, आणि पुष्कळ सजीवांत प्रत्येकासाठी स्वतंत्र विकर. ते आपले आम्ल ओळखते, एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून त्याचाच तुकडा, एएमपी, त्याला लावते, दोन फॉस्फेटांची जोडी सुटून जाते. मग ते आम्ल उचलून टीआरएनएच्या सीसीए या तीन अक्षरांनी संपणाऱ्या टोकाच्या शेवटच्या ‘ए’वर ठेवते. एटीपीची ऊर्जा त्या बंधात राहते आणि पुढे प्रथिनाची साखळी वाढताना कामी येते. तेवढ्यापुरता ‘भारणे’ला आधार आहे, पण तुम्ही म्हणता तो घोटाळा मोठा आहे.

टीआरएनएची ओळखही पटवावी लागते. पुष्कळ विकरे त्यासाठी अँटिकोडॉन, म्हणजे संदेशातल्या तीन अक्षरांच्या कोडॉनशी जुळणारी टीआरएनएवरची तीन अक्षरे, पाहतात. अलानिनचे विकर मात्र तिकडे फिरकतच नाही. टीआरएनएच्या देठात तिसऱ्या आणि सत्तराव्या जागी जी आणि यू अशी बेमेळ जोडी असते, ती त्याची खूण. १९८८ मध्ये ही एवढीच जोडी दुसऱ्या अमिनो आम्लाच्या टीआरएनएत बसवून पाहिली, तर तोही अलानिन घेऊ लागला. अँटिकोडॉन त्याचा जुनाच होता.

आणि विषय शब्दांचा आहे म्हणून एक तक्रार मांडते. रायबोझोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर, घडते त्याला आपण ‘भाषांतरण’ म्हणतो. भाषांतर करणाऱ्याला दोन्ही भाषा यायला हव्यात ना? रायबोझोमला अमिनो आम्लांची भाषा येत नाही. तो कोडॉन आणि अँटिकोडॉन जुळतात का ते बघतो, टीआरएनएच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे याची चौकशी करत नाही. १९६२ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. सिस्टीनच्या टीआरएनएवर सिस्टीन बसवले आणि मग निकेलच्या साहाय्याने त्यातले गंधक काढून जागच्या जागी त्याचे अलानिन केले. रायबोझोमने जिथे सिस्टीन हवे तिथे ते अलानिन बिनदिक्कत घातले. दोन्ही भाषा जाणणारी ही वीस विकरेच. माझ्या मते ‘भाषांतरकार’ हा मान त्यांचा आहे.

कळवा (निवृत्त मुद्रितशोधक)

जीवशास्त्र माझा विषय नाही, पण ‘जुळवणे’ वाचले आणि राहवले नाही.

शिसे-खिळ्यांच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला आम्ही जुळारी म्हणायचो. त्याच्यापुढे लाकडी घोडीवर खणांची पेटी असे, प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. मुरलेला जुळारी खिळ्याकडे बघत नसे, नजर हस्तलिखितावर आणि हात खणात. ‘क’च्या खणात हात गेला की निघेल तो ‘क’. छपाई झाली की मजकूर मोडून खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. हे काम बहुधा शिकाऊ पोराकडे असे, आणि त्याने ‘प’ उचलून ‘ष’च्या खणात टाकला की पुढच्या फर्म्यात ‘विशेष’चा ‘विशेप’ झालाच. दोष जुळाऱ्याच्या माथी येई, चूक झालेली असे खण भरताना.

ऐरोलीच्या ताईंचे वाचून वाटते की रायबोझोम हा तो जुळारी आणि तुमचे विकर हे खण भरणारे. बरोबर धरले का?

आणखी एक. या विकरांच्या बाबतीत ‘प्रूफरीडिंग’ला ‘मुद्रितशोधन’ लिहिलेले मी पाहिले आहे. ते नको. मुद्रितशोधक समासात खूण करतो, खिळा बदलत नाही.

ऐरोली

काका, अगदी बरोबर धरलेत! हे मी उद्याच आमच्या मुलांना सांगणार.

आणि हो, हे विकर खूण करून थांबत नाही, चुकीचे आम्ल कापून काढते. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांच्यात फरक आहे तो एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनांचा. आयसोल्युसिनच्या खाचेत त्याहून मोठे काही शिरणार नाही, पण व्हॅलिन लहान, ते सहज शिरते. केवळ खाचेच्या मापावर पुरेशी निवड होणे अवघड, हे लायनस पॉलिंग यांनी १९५० च्या दशकातच दाखवले होते. तरी प्रत्यक्षात आयसोल्युसिनच्या जागी व्हॅलिन येते ते सुमारे ३००० वेळांत एकदा. याचे उत्तर ॲलन फर्श्ट यांनी १९७७ मध्ये दिले, दुहेरी चाळणीचे. विकराला दुसरी, आणखी लहान खाच असते. तिच्यात व्हॅलिन मावते, आयसोल्युसिन मावत नाही. जे मावले ते कापले जाते. ‘प्रूफरीडिंग’ला मी साधे ‘फेरतपासणी’ म्हणते.

आपल्याकडेही यावर मोठे काम आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले राजन शंकरनारायणन उजव्या-डाव्या घडणीची अमिनो आम्ले पेशी कशी वेगळी काढते यावर काम करतात. २०२० चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला.

तुर्भे (धान्याचा व्यापार)

दुहेरी चाळणी आमच्याकडे रोज चालते. तांदूळ आधी मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढायचा, खडा आणि साळ वर राहते, तांदूळ आणि कणी खाली. मग बारीक चाळणी, आता कणी खाली पडते आणि अख्खा तांदूळ वर राहतो. पहिल्या चाळणीत पाहिजे तो माल खाली, दुसरीत पाहिजे तो माल वर. नवा माणूस इथेच गोंधळतो, हे मुलांना जरूर सांगा. घरातल्या लहान-मोठ्या भोकांच्या दोन चाळण्या घेऊन मूठभर तांदळात दाखवता येईल.

शब्दाचे म्हणाल तर बाजारात माल ‘चढवतात’ आणि ‘उतरवतात’. माथाडी बांधवांच्या कामाला चढ-उतार असेच म्हणतात. टीआरएनएवर अमिनो आम्ल चढवले. चुकीचे चढले, उतरवले. रायबोझोमवर पोचले, साखळीत उतरवले. विरुद्ध शब्द शोधायला लांब जावे लागत नाही.

नौपाडा, ठाणे

चढवणे! भाऊ, हाच शब्द हवा होता. ‘भारणे’ला असा तयार उलटा शब्द नाही, म्हणून व्हॅलिन कापून काढण्याच्या पायरीला माझे वाक्य नेहमी अडायचे.

आज संध्याकाळच्या वर्गात वापरून पाहिले. फळ्यावर तीन क्रियापदे लिहिली, जुळवणे, चढवणे, उतरवणे. स्वयंपाकघरातून पिठाची आणि रव्याची अशा दोन चाळण्या आणल्या होत्या. पिठाच्या चाळणीतून काहीच पडेना, मग रव्याची आणि चहाची गाळणी अशी जोडी करून जमवले. काकांचा जुळारीही सांगितला. खिळे कुणीच पाहिलेले नव्हते, तेव्हा माझ्याकडचा एक जुना खिळा हातोहात फिरवला. अक्षर उलटे का, यावरच दहा मिनिटे गेली आणि ती गेल्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही.

विकराला मी ‘चढवणी-विकर’ म्हणाले. नावात ‘जुळवणी’ यायला हवी असे ऐरोलीच्या ताई म्हणतील, आणि त्यांचे बरोबर आहे. पण उच्चारायला सोपे ते मुलांनी लगेच उचलले. ‘भाषांतरण’ मात्र मी बदलणार नाही. परीक्षेत तोच शब्द येतो, आणि शब्द कायम ठेवून भाषांतरकार कोण हे सांगता येते.

एक शेपूट राहिले. ज्या टीआरएनएवर काही चढलेले नाही त्याला ‘रिकामा’ म्हणते आहे. चालेल ना?

तुर्भे (धान्याचा व्यापार)

चालेल की. आमच्याकडे रिकाम्या गोणीला बारदान म्हणतात. माल उतरला की बारदान फेकून देत नाहीत, झटकून पुन्हा भरायला पाठवतात. तुमचा टीआरएनए पुन्हा वापरात येतो का?

ऐरोली

येतो. अमिनो आम्ल साखळीत उतरले की तो रायबोझोममधून सुटतो आणि पुन्हा आपल्याच विकराकडे जातो. ताई, ‘बारदान’ही फळ्यावर लिहा.