मदत हवी आहे: तीन गोळ्या घेऊनही साखर उतरत नाही, वजन मात्र उतरतंय

शिरोळकरीण
नमस्कार. मागच्या दिवाळीच्या सुमारास शुगर निघाली. आधी एक गोळी होती, मग दोन झाल्या, आता तिसरी वाढवली. तरी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९ वरून १०.६ वर गेलं. डॉक्टर दर वेळी एकच विचारतात, गोड खाता का? चहासुद्धा बिनसाखरेचा पिते. भात बंद, ज्वारीची भाकरी, संध्याकाळी चालणं, सगळं चालू आहे. घरचेही आता माझ्याकडे संशयानेच बघतात. मला फक्त एवढंच सांगा, चौथी गोळी कुठली चांगली? पथ्याचे सल्ले नकोत.

बाळू_सातारकर
वय? गोळ्यांची नावं? उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती? काही न सांगता चौथी गोळी कुठली म्हणे. आधी तिसरी कुठली ते तरी कळू दे.

निसर्गमित्र
ताई, रात्री चमचाभर मेथीदाणे भिजवा, सकाळी चावून खा, वरून तेच पाणी प्या. जांभळाच्या बियांची पावडर मी घरी करतो, हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शिरोळकरीण
वय ३९. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि नवीन आलेली डापाग्लिफ्लोझिन. उपाशीपोटी २१०-२३०, जेवणानंतर तीनशेच्या वर. मेथी झाली, कारल्याचा रस झाला, जांभळाची पावडरही झाली. आता कोणी सांगेल का?

अनघा_प
उंची आणि वजन सांगा. वजन किती होतं, किती झालं? घरात कुणाला मधुमेह? बाळंतपणात साखर वाढली होती का? आणि दुसरं कुठलंही औषध चालू असेल तर तेही लिहा, साखरेशी संबंध नाही असं वाटलं तरी.

दोनवेळा
गोळ्या कशाला वाढवता? दुपारी एक आणि रात्री आठ, मधे पाण्याशिवाय काही नाही. मी ८८ किलोचा ७४ झालो, दोन्ही गोळ्या सुटल्या. करून बघा, पैसे लागत नाहीत.

शिरोळकरीण
उंची पाच फूट दोन. वजन ५४ होतं, आता ४६. ब्लाउज आत घेऊन घेऊन आता टीप मारायला जागा उरली नाही. घरात कुणाला साखर नाही, वडिलांना बीपी आहे. बाळंतपणात काही नव्हतं. थायरॉइडची गोळी मुलीच्या जन्मापासून आहे, पण ती साखरेची नाही म्हणून लिहिली नव्हती.

@दोनवेळा, मला आणखी वजन कमी करायचं नाहीये हो!

अनघा_प
थायरॉइड साखरेचा नाही, पण इथे तोच महत्त्वाचा धागा असू शकतो. माझ्या धाकट्या जावेचं हुबेहूब असंच झालं होतं. तिला टाइप २, म्हणजे मोठेपणचा नेहमीचा मधुमेह, म्हणून गोळ्यांवर गोळ्या दिल्या, निघाला लाडा. म्हणजे मोठेपणी हळूहळू येणारा ऑटोइम्यून मधुमेह. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारत जाते. लहान मुलांत हे झपाट्याने होतं, त्याला टाइप १ म्हणतात. मोठ्यांत सावकाश होतं, म्हणून पहिले काही महिने गोळ्यांवर भागतं आणि सगळ्यांना टाइप २ वाटतो. ज्यांना ऑटोइम्यून थायरॉइड असतो त्यांच्यात हा जास्त दिसतो.

चौथी गोळी सोडा. जीएडी अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीचा हा हल्ला चालू आहे का) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन करतंय) या दोन रक्ततपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. जीएडी महाग आहे, लॅबनुसार काही हजार रुपये, पण शक्यतो पुन्हा करावी लागत नाही.

पुणेकर_७०
बारीक माणसाला मधुमेह दिसला की लाडा, ही नवी फॅशन झाली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वाचा. वरून बारीक पण आत चरबी, हा भारतीय माणसाचा साचा त्यांनीच दाखवला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, पण शरीरातली चरबी युडकिनना ९ टक्के आणि याज्ञिकांना २१. तेव्हा ४६ किलो वजन हा लाडाचा पुरावा नव्हे. वजनावरून प्रकार ठरवायचा हे गोऱ्यांचं गणित आहे.

अनघा_प
मी बारीक असण्याबद्दल बोलतच नाहीये, बारीक होत जाण्याबद्दल बोलतेय. ५४ चे ४६, पथ्य चालू, तीन गोळ्या पोटात आणि साखर चढतीच.

पुणेकर_७०
साखर तीनशे असली की टाइप २ मध्येही वजन उतरतं. शिवाय डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते, तिनेही उतरतं. तपासणीला माझी ना नाही. पण इथे बसून निदान करू नका.

अनघा_प
निदान कोण करतंय? तपासणी करा एवढंच म्हटलंय ना मी?

दोनवेळा
म्हणजे शेवटी इन्सुलिनच घ्यायला लावणार. एकदा लागलं की जन्माचं लागतं, कंपन्यांना तेच हवंय. ताई, आठ दिवस करून बघा.

बाळू_सातारकर
दोनवेळा, डापावर असलेल्या माणसाला उपास सांगू नका. खरंच सांगू नका. मी मेडिकल दुकानात आहे म्हणून सांगतो. ऑक्टोबर २०२० मध्ये तिचं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली आणि आता ती सर्रास लिहिली जाते. बऱ्याच जणांना ती चांगली लागू पडते, त्यात वाद नाही. पण शरीरात इन्सुलिन कमी असेल आणि वर उपास घडला तर शरीर चरबी जाळतं आणि रक्तात केटोन नावाची आम्लं साठतात, ते जिवावर बेतू शकतं. एरवी अशा वेळी साखर चारशे-पाचशे दिसते, माणूस घाबरून दवाखाना गाठतो. या गोळीवर साखर दोनशेच्या आतही असू शकते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१५ मध्येच तसा इशारा दिला होता.

ताई, मळमळ, पोटदुखी, धाप असं काही होतं का?

सुलभा_काकू
अवांतर, पण विचारते. आमच्या घरच्या मशीनवर १५८ आली आणि लॅबमध्ये १४१. मशीन फेकून देऊ का?

शिरोळकरीण
मळमळ चार-पाच दिवस आहे. सगळे म्हणाले पित्त असेल. काल रात्रीचं जेवण उलटून पडलं.

बाळू_सातारकर
मग धागा मिटवा आणि आजच दवाखान्यात जा. उद्या नाही, आज. लघवीतले केटोन तपासायला सांगा, लागलं तर रक्तातले. डापा चालू आहे हे आपण होऊन सांगा. साखर किती आहे यावर कुणाला विसंबू देऊ नका.

पुणेकर_७०
याला मात्र पूर्ण अनुमोदन. लगेच जा.

(काकू, शंभरच्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक घरगुती मशीनला मान्य असतो. ठेवा ती.)

सुलभा_काकू
धन्यवाद. पण मग खरी कुठली धरायची?

निसर्गमित्र
पित्तासाठी कोकम सरबत, बिनसाखरेचं.

अनघा_प
कोकम सरबत! कमाल आहे.

शिरोळकरीण
जाऊन आले. लघवीत केटोन निघाले. रक्त तपासलं, अजून फार पुढे गेलं नव्हतं म्हणाले. एक रात्र ठेवून घेतलं, सलाइन आणि इन्सुलिन दिलं. डापा बंद केली. डॉक्टर दुसरे आहेत, कोल्हापूरचे. मी विचारायच्या आधीच त्यांनी थायरॉइडची फाइल मागितली. जीएडी आणि सी-पेप्टाइड लिहून दिलंय. जीएडीचा नमुना मुंबईला जातो, थांबावं लागेल. इन्सुलिन सध्या रोज रात्री घ्यायला सांगितलंय.

अनघा_प
बरं झालं गेलात ते. सी-पेप्टाइड देताना त्याच वेळी साखरही तपासून घ्या, नाहीतर आकड्याचा अर्थ लागत नाही. साखर खाली असेल तर निरोगी माणसाचंही सी-पेप्टाइड कमीच येतं.

पुणेकर_७०
आणि साखर खूप चढलेली असतानाही पेशी थकून गप्प बसतात, तेव्हाही कमी येतं. एका आकड्यावर जन्माचा शिक्का मारू नका, साखर थोडी आटोक्यात आल्यावर द्या. आणखी एक. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा. काही पद्धतींत त्याने सी-पेप्टाइड खोटं कमी दिसतं.

शिरोळकरीण
बायोटिन घेते! केस फार गळतायत. ते तुम्हाला कसं कळलं?

पुणेकर_७०
वजन उतरलं की केस गळतात, आणि केस गळले की पार्लरवालीपासून सगळे बायोटिन सांगतात. डॉक्टरांना विचारून आधी काही दिवस बंद ठेवा.

शिरोळकरीण
रिपोर्ट आले. बायोटिन बंद ठेवूनच रक्त दिलं होतं. जीएडी २८५, बाजूला १० च्या आत नॉर्मल असं छापलंय. सी-पेप्टाइड उपाशीपोटी ०.६, त्या वेळची साखर १६८. डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे. तोवर कुणी सांगेल का?

दोनवेळा
मी नेटवर बघितलं. सी-पेप्टाइड ०.३ च्या खाली असेल तरच इन्सुलिन लागतं, ०.३ ते ०.७ मध्ये गोळ्यांवर भागतं. तुमचं ०.६ आहे. म्हणजे मी म्हणत होतो तेच. इन्सुलिन सोडा.

बाळू_सातारकर
एकक बघा राव, एकक! तुम्ही वाचलंय ते नॅनोमोलमध्ये. आपल्याकडच्या लॅबा नॅनोग्रॅममध्ये देतात. ताई, रिपोर्टवर आकड्यापुढे काय लिहिलंय?

शिरोळकरीण
एनजी/एमएल.

बाळू_सातारकर
म्हणजे नॅनोग्रॅम. साधारण तीनने भागा. ०.६ चे झाले ०.२. साखर १६८ असताना एवढंच.

पुणेकर_७०
२०२० मध्ये लाडाबद्दल आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशी आल्या, दोनवेळांचे आकडे तिथलेच आहेत. ०.३ नॅनोमोलच्या खाली असेल तर टाइप १ सारखेच उपचार, म्हणजे इन्सुलिन. मधल्या पट्ट्यात दर सहा महिन्यांनी सी-पेप्टाइड पुन्हा बघायचं. ०.२ मधल्या पट्ट्यात बसत नाही, आणि जीएडी एवढा स्पष्ट असल्यावर माझ्याकडे वाद घालायला काही उरलं नाही. ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते गुरुवारी विचारा. लाडात ती देऊ नये असंच सांगतात. इन्सुलिन मात्र तोवर अजिबात चुकवू नका.

दोनवेळा
माझं तरी दोन वेळच्या जेवणानेच गेलं.

अनघा_प
तुमचं टाइप २ होतं, ८८ किलो होतात. छान झालं तुमचं. हिचं वेगळं आहे.

शिरोळकरीण
गुरुवारी जाऊन आले. लाडाच. ग्लिमेपिराइड बंद. रात्रीचं इन्सुलिन चालूच, शिवाय जेवणाआधीचंही सुरू केलं. आणि हो, मला कुणी गोड खाता का विचारलं नाही. सासूबाई सोबत होत्या, त्यांनीही ऐकलं. आता दोन प्रश्न. मुलगी ११ वर्षांची आहे, तिची तपासणी करू का? आणि इन्सुलिनच्या पेनच्या सुया कुठल्या घेऊ? दुकानात ४, ६, ८ मिलिमीटर अशा तिन्ही आहेत.

अनघा_प
मुलीला धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, पण बहुतेक मुलांना काही होत नाही. जावेच्या मुलांच्या डॉक्टरांनी तपासणी लागलीच करायला सांगितली नव्हती. खूप तहान, रात्री उठून लघवी, वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी साखर बघा. तुमच्या डॉक्टरांनाही विचारून ठेवा.

बाळू_सातारकर
४ ची. ती सगळ्यांनाच पुरते, ४६ किलोला तर पुरतेच. लांब सुईने इन्सुलिन स्नायूत जातं आणि साखर धाडकन खाली येते. सुई सरळ टोचायची, दहापर्यंत आकडे मोजून मगच काढायची. पोटावर जागा बदलत राहा, नाहीतर गाठी होतात. न उघडलेली पेनं फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. आणि पर्समध्ये ग्लुकोजची पावडर ठेवा. आता तुम्हाला गोड खायची परवानगी आहे, साखर ७० च्या खाली गेली की.