नवा राऊटर घेतला की नेट पळेल का? माझं मत: आधी मोजा, मग नागपूरच्या बर्डी बाजारात जा

मानेवाडावाला
शेजारच्या काकांकडे १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. तरी पान उघडायला वेळ लागतो, बँकेची साइट मध्येच गोल-गोल फिरत राहते. दुकानात विचारलं तर साडेसहा हजारांचा राऊटर सांगितला. नेट कंपनीचा माणूस म्हणाला, २०० चा प्लॅन घ्या. काका दोन्ही घ्यायला निघालेत. माझं म्हणणं, मोजल्याशिवाय यातलं एकही घेऊ नये.

राऊटर बदलून सुधारतो तो फक्त राऊटरपासून तुमच्या मोबाइल-लॅपटॉपपर्यंतचा टप्पा. त्याच्या पलीकडे खांबावरची फायबर आहे, गल्लीतला स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांत वाटणारा डबा) आहे, कंपनीचं बाहेरचं जाळं आहे, समोरच्या साइटचा सर्व्हर आहे. त्यातलं काहीच नव्या डब्यानं बदलत नाही. म्हणून लॅपटॉपला राऊटरमधून थेट लॅनची तार लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं थांबायला सांगा आणि स्पीड टेस्ट लावून वेग मोजा. तारेवर ९०-९५ एमबीपीएस आले आणि आतल्या खोलीत वायफायवर ८, तर भानगड घरातच आहे. तारेवरच ८ आले तर दहा हजारांचा राऊटरही ८ च देणार. हीच चाचणी सकाळी एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा करा.

२०० चा प्लॅन घेण्याआधी एक गोष्ट बघाच. राऊटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असेल तर तारेवर ९४-९५ च्या वर आकडा जातच नाही, प्लॅन कितीचाही असो. आणि पोर्ट गिगाबिटचं (म्हणजे १००० एमबीपीएसचं) असूनही ९४ वरच अडत असेल तर तार तपासा. गिगाबिटला तारेतल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एक जोडी तुटली की वेग बरेचदा गुपचूप १०० वर येतो. दीडशे रुपयांच्या तारेपायी लोक राऊटर बदलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि नुसता डाउनलोडचा आकडा बघू नका, पिंग बघा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद. एक पान म्हणजे डझनावारी लहान-लहान फायली, आणि त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा सर्व्हरपर्यंत जाऊन यावं लागतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नागपूरहून मुंबईला जाऊन यायलाच ७-८ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात २५-३० दिसले तरी चांगलं. दीडशे-दोनशे दिसत असतील तर प्लॅन ५०० चा केला तरी पान रखडेल. गुगलमध्ये असताना माइक बेल्शे यांनी २०१० मध्ये हे मोजून दाखवलं होतं: ५ चे १० एमबीपीएस केले तर पान उघडण्याचा वेळ जेमतेम ५ टक्के घटला, पण पिंग जसजसा कमी केला तसतसा वेळ सरळ खाली येत गेला.

बर्डीतला दुकानदार
दादा, माझं दुकान आहे हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी काढायला नको. तुमची तारेची चाचणी कागदावर बरोबर आहे, पण आजकालच्या पातळ लॅपटॉपला लॅनचं पोर्टच नसतं आणि अर्ध्या घरांत लॅपटॉपच नसतो. ते काय मोजणार?

खरी अडचण वेगळी आहे. जुन्या कनेक्शनसोबत फुकट आलेले डबे बरेचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय पट्ट्यावर चालतात. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मनीषनगरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये उभं राहून मोबाइलवर वायफायची यादी उघडा, वीस-पंचवीस नावं सहज दिसतात. ती सगळी या तीन चॅनेलांत कोंबलेली. एका चॅनेलवर एक बोलतो तेव्हा त्यावरचे बाकीचे थांबतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे, २०१८ मध्ये सरकारनं त्यातला आणखी पट्टा विनापरवाना वापरासाठी मोकळा केला. जुना डबा तिथे पोचूच शकत नाही. अशा घरात दोन-अडीच हजारांचा ड्युअल बँड (दोन्ही पट्ट्यांवर चालणारा) राऊटर लावला की फरक त्याच दिवशी दिसतो. साडेसहा हजारांचा सगळ्यांना लागत नाही, हे मी गिऱ्हाइकालाही सांगतो.

मानेवाडावाला
लॅपटॉप नसेल तर मोबाइल घेऊन राऊटरपासून दोन मीटरवर उभं राहा आणि ५ गिगाहर्ट्झवर मोजा. अगदी तारेसारखं नाही, पण अंदाज येतो. आणि डब्यात ५ आहे की नाही हे विकत घेण्याआधी बघायला हवं ना? कित्येक डब्यांत असतं, फक्त दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असतं आणि जुना मोबाइल २.४ ला चिकटून राहतो. सेटिंगमध्ये जाऊन दोन नावं वेगळी केली की काम होतं, पैसे शून्य.

काकांच्या घरचं सांगतो. राऊटर टीव्हीमागे, जमिनीलगत, शोकेसच्या खणात. त्याला लागून स्टँडवरचा पत्र्याचा कूलर, टाकी काठोकाठ भरलेली, आणि त्यामागच्या भिंतीपलीकडे मुलाची खोली. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी शोषून घेतं. वरून मे महिन्यात बंद खणात तो डबा इतका तापतो की हात ठेववत नाही. आपल्याकडे कितीतरी घरी ‘उन्हाळ्यात नेट बिघडतं’ म्हणून कंपनीला बोल लावतात आणि कूलर कुठे उभा आहे ते कोणी बघत नाही. असा राऊटर पॅसेजमध्ये दाराच्या उंचीवर लावला पाहिजे. त्याला एक खिळा आणि लांब तार लागते.

फायबर जोडणारा, हिंगणा रोड
भाऊ, तुम्ही दोघंही घरातल्या घरात भांडून राहिले. मी रोज शिडी घेऊन खांबावर चढतो, मला जे दिसते ते सांगतो.

फायबरमधला उजेड मोजणारा लाइट मीटर लावल्यावर उणे २० च्या आसपास डीबीएम (उजेडाचं माप) आला तं लाइन चांगली. उणे २७ च्या खाली गेला तं ओएनटीला (घरात फायबर जोडते तो कंपनीचा डबा) धड ऐकू येत नाही. कधी लाल दिवा लागते, कधी लागत बी नाही, नुसते पॅकेट (डेटाचे तुकडे) वाटेत गळत राहतात आणि गिऱ्हाइक म्हणते पान उघडत नाही. कारण काय असते? पलंगामागं फायबर काटकोनात वाकलेली, नाहीतर कनेक्टरवर धूळ. नाहीतर रस्त्याच्या खोदकामात तुटलेली लाइन घाईघाईत जोडलेली. राऊटर बदलून हे जाते का? नाही जात जी.

दुसरं म्हणजे रात्रीचं. जीपॉन म्हणजे एका फायबरवर अनेक घरं जोडायची पद्धत. तिच्या एका पोर्टवर खाली येणारा वेग २.४८८ जीबीपीएस. तो ३२ नाहीतर ६४ घरांत वाटला जाते. ६४ घरांना १०० चा प्लॅन इकला तं बेरीज ६४०० एमबीपीएस होते. सगळे एकाच वेळी ओढत नाहीत म्हणून भागते. पण खरा अडकाव बरेचदा त्याच्याही वर असते. लोकल ऑपरेटरनं वरून जेवढी बँडविड्थ (एकूण वेग) घेतली तेवढीच गल्लीत येणार. रात्री साडेनऊला सगळ्यांचे टीव्ही चालू झाले का ते दिसते. तेव्हा तुमचा राऊटर सोन्याचा असला तरी उपयोग नाही.

मिहानमध्ये नोकरी, घरून काम
मानेवाडावाले दादा, तुमच्या चाचणीला माझा मोठा आक्षेप आहे. ‘बाकीच्यांना पाच मिनिटं थांबायला सांगा’ हीच तिची उणीव. घरात कोणी थांबलेलं नसतं, आणि नेट रखडतं ते नेमकं तेव्हाच.

आमच्याकडे तारेवर रिकाम्या वेळी सगळं छान होतं, पिंग २२. पण लग्नाहून आल्यावर कोणाच्या मोबाइलवरून फोटो-व्हिडिओ वर चढायला लागले की पिंग ६०० च्या वर जायचा. माझी मीटिंग तुटायची, सासूबाईंचं साधं बातम्यांचं पान उघडायचं नाही. डाउनलोडची लाइन तेव्हा जवळपास मोकळीच असायची! याला बफरब्लोट म्हणतात. अपलोड भरला की राऊटर पॅकेटांची लांबच लांब रांग लावतो, आणि पान मागणारी छोटीशी विनंतीही त्या रांगेच्या शेवटी उभी राहते. उपाय राऊटरमध्येच आहे. एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असलेला राऊटर घ्यायचा, त्यात अपलोड-डाउनलोडची मर्यादा लाइनच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवायची, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या ताब्यात राहते. त्यामागची एफक्यू-कोडेल पद्धत २०१८ पासून आरएफसी, म्हणजे इंटरनेटचा जाहीर तांत्रिक दस्तऐवज, म्हणून प्रसिद्ध आहे. राऊटर बदलला आणि आमचा ब्राउझिंगचा त्रास गेला. तुमच्या चाचणीत तर आमची लाइन पास झाली असती.

मानेवाडावाला
ताई, मुद्दा वजनदार आहे. रिकाम्या लाइनची चाचणी मी सोडणार नाही, कारण दोष घरात की बाहेर हे तिच्याशिवाय वेगळं होत नाही. पण तिच्यासोबत भरलेल्या लाइनची चाचणी हवीच. एका मोबाइलवरून मोठा व्हिडिओ अपलोडला लावायचा आणि दुसऱ्यावर पिंग बघायचा. पिंग दहापट झाला तर तुमचं निदान लागू. तरीही आधी आहे त्याच राऊटरमध्ये वेगमर्यादेची सोय आहे का ते बघावं, आणि फोटोंचा बॅकअप रात्री चार्जिंगवर लावावा.

मिहानमध्ये नोकरी, घरून काम
बॅकअप रात्री लावा, मीटिंगच्या वेळी व्हिडिओ पाठवू नका, हे घरातल्या पाच माणसांना रोज कोण सांगणार? ते काम बाईच्याच अंगावर येतं. मशीन ते गुपचूप करत असेल तर तीन-चार हजार मला जास्त वाटत नाहीत. प्रत्येक खरेदी म्हणजे उधळपट्टी असं धरून चाललात तर माझ्यासारखीचं नुकसान होतं.

महालातला वाडा
आमच्या वाड्याच्या भिंती दोन-दोन फुटांच्या. पुढच्या खोलीत नेट उत्तम, चौक ओलांडला की काहीच नाही. मला मेश (एकमेकांना जोडलेले वायफायचे दोन-तीन डबे) सुचवतात. घ्यावं का?

मानेवाडावाला
काका, वायरलेस मेशचा दुसरा डबा भिंतीपलीकडे ठेवला तर त्याला स्वतःलाच कमजोर सिग्नल मिळेल, तोच तो पुढे वाटेल. चौकातून एक लॅनची तार मागच्या खोलीत न्या आणि टोकाला जुना राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा डबा) म्हणून लावा. १०० मीटरपर्यंत तार निवांत चालते. चौकातून उघड्यावरून जाईल तो भाग पाइपातून न्या, पावसाचं बघावं लागतं.

बर्डीतला दुकानदार
वाड्यात चार हिस्सेदार असले की भिंतीला साधं भोक पाडायचं तरी चौघांना विचारावं लागतं, हे दादांना कोणी सांगा. मेशचा दुसरा डबा चौकाच्या दारात ठेवा, जिथून पहिला डबा दिसतो. भिंत टाळून सिग्नल उघड्यावरून जातो. काका, दुकानदाराकडून दोन दिवस लावून बघायच्या बोलीवर घ्या.

व्हीएनआयटीचा विद्यार्थी
मोबाइलवर भराभर उघडतं आणि त्याच वायफायवर लॅपटॉप रडतो, असं असेल तर नेटला दोष देऊ नका. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, ब्राउझरमध्ये तीस टॅब. तिथे एसएसडी टाकण्यातच पैसे वसूल होतात.

आणि एक खूण. पान दोन-तीन सेकंद कोरं राहून मग एकदम येत असेल तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून बघा. चित्रं वरून खाली सरकत-सरकत येत असतील तर डीएनएस बदलून काही होणार नाही.

नंदनवन
वेगावरच सगळे अडलेत. ज्या राऊटरला कंपनीनं सुरक्षा अपडेट देणं बंद केलं तो बदलायलाच हवा, मग नेट कितीही पळो. त्याच डब्यातून तुमचं बँकेचं काम चालतं. शिवाय नवा राऊटर कंपनीच्या ओएनटीमागे लावताना ओएनटी ब्रिज मोडवर (तो फक्त लाइन पुढे देतो, राऊटरचं काम करत नाही) घ्यायला सांगा, निदान त्याचं वायफाय तरी बंद करा. नाहीतर दोन डबे एकाच खोलीत एकाच चॅनेलवर झगडतात आणि नवा घेऊनही जैसे थे.

मानेवाडावाला
सुरक्षेचं कारण शंभर टक्के मान्य. मात्र ते वेगाच्या नावाखाली विकू नये.

शेजारच्या काकांचे आकडे आले. दुपारी तारेवर ९४, पिंग २६. मुलाच्या खोलीत वायफायवर ११. राऊटर खणातून काढून पॅसेजमध्ये वर लावला, कूलर खिडकीकडे सरकवला, त्याच खोलीत ५२. रात्री साडेनऊला तारेवर ३१ आणि पिंग १४०. म्हणजे घरातलं दुखणं खिळ्यानं गेलं, रात्रीचं बाहेरचं आहे. २०० च्या प्लॅनचा बेत काकांनी रद्द केला. राऊटरही घेऊ नये असं मी सांगितलंय.

मिहानमध्ये नोकरी, घरून काम
भरलेल्या लाइनवरचा आकडा कुठे आहे? मुलाचा बॅकअप चालू असताना मोजा, मग ‘घेऊ नये’ म्हणा. तोवर मी माझ्या मतावर आहे.

फायबर जोडणारा, हिंगणा रोड
रात्रीचे आकडे तारखेसकट लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. कस्टमर केअरला फोन करून तक्रार नंबर घ्याच, नुसतं लाइनमनला सांगून काही नोंद होत नाही. लाइट मीटरचं रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा. तिथं नाही ऐकलं तं त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे (तक्रारीवरचं अपील ऐकणारा अधिकारी) जा, २०१२ च्या नियमांनुसार ती ठेवणं त्यांना भाग आहे. ट्राय (दूरसंचार नियामक) एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, तिकडं चिठ्ठ्या पाठवून वेळ घालवू नका. आणि तुमच्याच स्प्लिटरवरच्या आणखी चार-पाच घरांनी मिळून तक्रार केली तं वरून बँडविड्थ वाढवायचं ऑपरेटर मनावर घेते.

मानेवाडावाला
बॅकअप लावून आज रात्री मोजतो ताई, आकडा इथेच टाकतो. भाऊ, मजल्यावरच्या तीन घरांशी बोलणं झालं, तक्रार एकत्रच करणार आहोत.