नव्या घरात चूल ठेवायची की नाही?

अनेरकाठचा
चोपड्याच्या पुढे, अनेर नदीच्या अलीकडे आमचं गाव. जुनं धाब्याचं घर पाडून यंदा स्लॅबचं बांधतोय. भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि गाडं अडलं ते चुलीपाशी. आई म्हणते, "चूल नही ते घर कसानं?" बायको म्हणते, ओटा करा, गॅस ठेवा, चुलीचं नाव काढू नका. मिस्तरी रोज विचारतो, की धुराडं काढायचं असेल तर आत्ताच बोला, स्लॅब पडल्यावर फोडायला लावू नका.

मी आईच्या बाजूचा आहे. भरीत हे एक कारण झालंच, पण मला त्याहून जास्त कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीचं वाटतं. तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून आई ती चुलीच्या तोंडाशी, इस्तवापुढे उभी करते. आधी काहीच होत नाही. मग मधोमध एक फुगा येतो, तो सरकत सरकत काठापर्यंत जातो आणि काठाला कुठे बारीक भोक असेल तर तिथून वाफ शिट्टी घालत बाहेर पडते. लहानपणी त्या शिट्टीसाठी आम्ही भावंडं भांडायचो. गॅसवर जाळी ठेवून भाकरी फुगते, नाही असं नाही, पण तिला जागोजागी काळे डाग पडतात आणि मधे कच्ची राहते.

दुसरं म्हणजे जानेवारीतली पहाट. सातपुड्याकडून गार वारा सुटला की आमच्याकडे हातपाय आखडतात. तेव्हा सगळं घर चुलीभोवती असायचं. वडील कापसाचा हिशेब तिथेच बसून करायचे, आमचे पाढे तिथेच व्हायचे. गॅसच्या ओट्याभोवती कोणी बसत नाही. सगळे एका ठिकाणी बसायची जागाच घरातून जाते, हे मला फार लागतं.

तुमच्याकडे काय केलंत? मोकळेपणाने सांगा.

पांझराकाठची ताई
भाऊ, मोकळेपणाने सांगा म्हणालात म्हणून लिहिते. तुमच्या पूर्ण लेखात चूल पेटवणारी बाई एकदाच दिसते, तीही भाकरी फुगवताना. चूल पेटते त्याच्या आधी काय होतं ते लिहिलंच नाही.

मी २२ वर्षं चुलीवर स्वयंपाक केला, साक्री तालुक्यात. पावसाळ्यात कपाशीच्या काड्या ओल्या, गोवऱ्या दमट. पहाटे साडेचारला उठून फुंकणीने फुंकायचं, फुंकायचं, धूर डोळ्यात, नाकात, आणि इस्तव काही धरत नाही. मागे सासरे चहासाठी खाकरतायत. कडेवर मूल, ते धुराने रडतंय, त्याला खाली ठेवावं तर ते चुलीकडेच रांगतं. थोरल्याला दोन वर्षांचा असेपर्यंत दर हिवाळ्यात छाती भरायची. डॉक्टरने विचारलं, घरात कोणी विडी ओढतं का? कोणीच ओढत नव्हतं. मी त्याला कडेवर घेऊन भाकरी टाकत होते.

एकदा पदर पेटला. चुलीला लागून असलेल्या वैलावरचं वरण उतरवायला वाकले, आणि पदराचं टोक चुलीच्या तोंडाशी गेलं. जाऊबाईने परातीतलं पिठाचं पाणी ओतलं म्हणून वाचले. पोटावरचा डाग अजून आहे.

सासूबाई दुपारच्या उन्हातही डोळे पुसत बसायच्या. त्यांना आम्ही म्हणायचो, चूल पुरे आता. त्या म्हणायच्या, "डोयामा धूर जास, ते काय नवं शे?" शेवटची चार वर्षं त्यांना माणसं आवाजावरून ओळखावी लागली.

तुमची बायको नको म्हणतेय, तर तिने कारण सांगायचीही गरज नाही. ते तुम्हाला आपोआप कळायला हवं.

भरीतप्रेमी जळगाव
ताईंचं दुःख खरंच आहे. पण गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणवत नाही. आसोद्याचं, बामणोदचं मोठं हिरवं-पांढरं वांगं, त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते कपाशीच्या काड्यांच्या जाळावरच भाजायचं. मग मुसळाने ठेचायचं. ही चव जगात दुसरीकडे नाही, ती सोडायची का?

पांझराकाठची ताई
सोडा असं मी म्हटलेलंच नाही. भरीत वर्षातून किती दिवस होतं? आणि शेतातल्या भरीत पार्टीत वांगी कोण भाजतं? पुरुष. उघड्या रानात, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून, तासभर. त्यांच्या छातीला काही होत नाही. मी रोजच्या तीन वेळच्या चुलीबद्दल बोलतेय. वर्षाचे ३६५ दिवस, चार भिंतींच्या आत.

गावची आशा, पारोळा
मी आशा सेविका म्हणून काम करते. घरोघरी जाते, तेव्हा दारातूनच कळतं कुठे चूल आहे, छताची लाकडं काजळलेली असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुलीच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, त्यातली २ लाख ३७ हजारांहून जास्त पाच वर्षांखालची मुलं. बायकांना दमा नसून दम्यासारखा जो कायमचा आजार होतो, ज्यात जिना चढताना धाप लागते, तो बहुतेक लोक विडीचा आजार समजतात. चुलीपुढे बसणाऱ्या बाईलाही तोच होतो. गरोदर बाई धुरात असेल तर बाळ कमी वजनाचं जन्माला येण्याचा धोका वाढतो. मोतीबिंदूचाही संबंध लागतो.

आणखी एक, हे हात जोडून सांगते. थंडीत निखाऱ्याची शेगडी किंवा घमेलं आत घेऊन दार-खिडकी लावून झोपू नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं धोका गेला. रक्तातला प्राणवायू धरणाऱ्या भागाला तो प्राणवायूपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो, ओरडतसुद्धा नाही.

धरणगावचा कापूसवाला
काड्यांचा विषय निघाला म्हणून माझं वेगळंच दुखणं मांडतो. धुराशी त्याचा संबंध नाही, पण चुलीशी आहे.

कापूस संपला की काड्या उपटून बांधावर नाही तर घरामागे गंजी रचतो, वर्षभर जाळायला. त्या काड्यांना न उमललेली, किडकी बोंडं, म्हणजे कवड्या, तशाच लटकलेल्या असतात. गुलाबी बोंडअळी त्याच कवड्यांमध्ये सुप्तावस्थेत बसते. मग उन्हाळ्याच्या शेवटी पतंग बाहेर पडतो, आणि आपल्याकडे बागायती कापूस मे महिन्यातच लावलेला असतो. त्याला फुलं-पाती यायला आणि पतंगाला यायला गाठच पडते. २०१७ च्या खरिपात बोंडअळीने काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. माझ्या पाच एकरांत फरदड, म्हणजे हंगामानंतर राखलेलं पीक, सोडाच, दुसरी वेचणी घरात आली नाही.

त्या वर्षी मी स्वतः घरामागच्या गंजीतल्या कवड्या फोडून पाहिल्या. चार फोडल्या की एकीत अळी, गुलाबी, वळवळणारी. म्हणजे किडीचं बियाणं आम्हीच घराच्या पाठीशी सांभाळून ठेवलं होतं, सरपण म्हणून. आता मी काड्यांचं श्रेडरने बारीक भुकटं करून जमिनीत घालतो. आईला चुलीसाठी बाभळीची, निंबाची वाळकी लाकडं आणतो. चूल ठेवायची त्याने ठेवा, पण काड्या साठवायच्या तर निदान कवड्या झाडून जाळून टाका.

भरीतप्रेमी जळगाव
हे मला माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत गावाकडून गाडीभर काड्या येतात, कवड्यांसकट. यापुढे झाडून आणायला सांगतो.

धडगावचा मास्तर
वर चाललंय ते वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटते. इथे अक्राणीत, वरच्या पाड्यांवर, चूल ठेवायची का नाही हा प्रश्न कोणी विचारत नाही. आग घराच्या आतच असते, तिच्याभोवती घर असतं. तोरणमाळच्या बाजूला थंडी अशी पडते की रात्रभर इस्तव राखावा लागतो. धूर कौलांतून, भिंतीच्या कुडातून बाहेर जातो, जेवढा जाईल तेवढा.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, इथेही शेगड्या आल्या. पहिलं सिलेंडर संपलं आणि पुष्कळ घरांत ते कोपऱ्यात उभं राहिलं. अनुदान मागाहून खात्यात येतं, आधी सिलेंडरची पूर्ण किंमत एकदम हातात हवी, आणि १४.२ किलोचा गॅस, टाकीचं वजन वेगळं, ते डांबरी रस्त्यापासून डोंगरावर खांद्यावर न्यायचं. लाकूड मात्र जंगलातून येतं, त्याला पैसे पडत नाहीत. पडतात ते बायकांच्या डोक्यावर आणि पायांवर. माझ्या वर्गातल्या मुली आठवड्यातला एक दिवस मोळीसाठी गैरहजर असतात. मी हजेरीत खाडा मांडतो आणि मला स्वतःचीच लाज वाटते.

तेव्हा ज्यांना गॅस भरणं परवडतं त्यांनी चवीसाठी चूल ठेवावी, जरूर ठेवावी. पण "आपली जुनी पद्धत आरोग्यदायी होती" असं कृपा करून म्हणू नका. साध्या चुलीत शंभर काड्या जाळल्या तर दहा-पंधरांची ऊब भांड्याला लागते, बाकीची वाया. ती वाया गेलेली लाकडं कोणीतरी डोक्यावरून आणलेली असतात.

खापरावरची
मी मांड्यांची बाजू घेते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर पुरणाचे मांडे लागतात, आणि मांडा खापरावरच होतो. पालथं खापर केवढं रुंद! गॅसच्या साध्या बर्नरची ज्योत मधेच लागते, कड थंड राहते, मांडा मधे करपतो आणि काठाला पांढरा राहतो. लाकडाचा जाळ खापराला खालून चारी बाजूंनी चाटतो. मांडा हातावर वाढवत वाढवत कोपरापर्यंत नेऊन खापरावर टाकायचा, आणि त्या क्षणी खापर सगळीकडे सारखं तापलेलं हवं. हे चुलीशिवाय जमत नाही.

पांझराकाठची ताई
ताई, जमतं. आमच्याकडे ऑर्डरचे मांडे करणाऱ्या बायका मोठ्या गॅस भट्टीवर करतात, रुंद बर्नरची. पण घरी तेवढी भट्टी कोण ठेवणार, हे तुमचं म्हणणं मान्य. आखाजीचे मांडे मी स्वतः अजून चुलीवरच करते, परसात, वर्षातून एकदा. त्या दिवशी धूर डोळ्यात गेला तरी मला राग येत नाही, कारण संध्याकाळी मी चूल विझवते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला ती माझी वाट पाहत नसते.

अमळनेरचा आबा
परसात चूल म्हणजे एप्रिल-मेचा वारा ध्यानात ठेवा. आमच्या गल्लीत एका घरची राख गरम असताना उकिरड्यावर टाकली. दुपारचा वारा. राखेतली ठिणगी कडब्याच्या गंजीत गेली, गंजीवरून गोठ्यात. दोन म्हशी बांधलेल्या होत्या. दावं कापायला माणूस पोहोचेपर्यंत एक गेली. राखेवर पाणी मारूनच टाकावी, आणि चुलीपासून गंजी लांब ठेवावी, एवढंच सांगतो.

अनेरकाठचा
सगळ्यांचे प्रतिसाद काल रात्री बायकोला वाचून दाखवले. पांझराकाठच्या ताईंचा वाचताना ती मधेच उठून आत गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "मला पहिल्या बाळंतपणात काय झालं होतं आठवतं?" मला आठवत नव्हतं. तिला सातव्या महिन्यात धुराने चक्कर येऊन ती चुलीजवळ पडली होती, हात भाजला होता. तेव्हा मी मुंबईला कामाला होतो. आईने तेव्हा फोनवर "थोडं भाजलं" एवढंच सांगितलं, आणि मीही पुढे विचारलं नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली. तिच्या मनगटावरचा डाग मी रोज बघतो, आणि मला वाटायचं तो तेलाचा आहे.

घराच्या आत चूल होणार नाही. आज सकाळी मिस्तरीला तसं सांगितलं. परसात, विहिरीच्या बाजूला, तीन बाजूंनी उघडं पत्र्याचं छप्पर घेतोय, गोठ्यापासून चाळीस फूट लांब. त्यात एक चूल, वैलासकट. रोजचा स्वयंपाक गॅसवर. चुलीवर भरीत, आखाजीचे मांडे, कानबाईचे रोट आणि थंडीतलं अंघोळीचं पाणी. तांब्याचा बंब आहे वडिलांचा, तो कल्हईला देतो. पाणी तापवायचं काम माझं, पहाटे मी उठणार, असं बायकोपुढे कबूल केलंय.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज दुपारी मात्र तिने वारुळाची माती आणायला सांगितली, त्यात शेण आणि गव्हाचा भुसा घालून कालवत बसली. चूल तीच घालणार आहे, विकतची नको म्हणते. चुलीचं तोंड कोणीकडे करावं आणि वैल डावीकडे घ्यावा की उजवीकडे, एवढं कोणी सांगेल का? आई म्हणते बायकोलाच विचार, तिच्या हाताखाली चूल जाईल. बायको म्हणते, मला नका विचारू.

पांझराकाठची ताई
भाऊ, उन्हाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, तेव्हा तोंड पश्चिमेला नको. वारा सरळ चुलीत शिरतो आणि जाळ उडतो. छपराची जी बाजू बंद ठेवाल ती पश्चिमेची ठेवा. वैल, पेटवणारा ज्या हाताने लाकूड सारतो त्याच्या उलट बाजूला घ्यावा, म्हणजे भांडं उतरवताना जाळावरून हात न्यावा लागत नाही. धुराडं लावाल तर सरळ, वळण न देता, पत्र्याच्या वर दोनतीन फूट काढा, आणि महिन्यातून एकदा काजळी झाडा.

तुम्ही पेटवणार म्हणालात ना पहाटे? मग वैल तुमच्या हाताप्रमाणे घ्या. डावखुरे असाल तर उजवीकडे.