माळकरी आईला मालवणात काय खाऊ घालावं?

डिसेंबरात परभणीहून चार दिवस मालवणला निघालोय. सिंधुदुर्ग किल्ल्यात चहूकडं समुद्र असूनही दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. आईला त्या बघायच्यात. (आमच्या बोअरला मार्चमध्येच घरघर लागते!)

अडचण जेवणाची. आई माळकरी, कांदा-लसूणही चालत नाही. चार हॉटेलांना फोन केले; 'व्हेज मिळेल' म्हणतात, पण सोलकढीत लसूण, काळ्या वाटाण्याच्या सांबारात कांदा-लसूण. घरी सोलकढी करायला गेलो तर आणलेली बाटली अमृत कोकमची, नुसता साखरेचा पाक! हवं होतं आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा खारट रस. घावन, खापरोळी तिला चालेल, पण चार दिवस तेवढ्यावर कसं भागणार?

मुक्काम बाजारपेठेजवळ, गाडी नाही. आदल्या दिवशी सांगून बिनकांदा-लसणाचं जेवण देणारी घरगुती खानावळ पायी जाण्याइतक्या अंतरावर कुठं आहे?