सध्या वाचतोय : तांडव

सध्या काय वाचताय, या प्रश्नावर बहुतेकांनी रहस्यकथा सुचवल्यात. मी मात्र महाबळेश्वर सैल यांच्या 'तांडव'मध्ये अडकलोय. पाटो-पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयातून आणलीय. पोर्तुगीज काळातल्या धर्मांतराची कादंबरी. एकाच घरातली माणसं तुटत जातात ते वाचताना पुस्तक मिटून गप्प बसावं लागतं. रोज वीसेक पानांच्या वर जात नाही.

गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 साली सुरू झालं. त्याच साली कुठ्ठाळीचा मंगेश देव जुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेला, हे आम्हा फोंडेकरांना लहानपणापासून पाठ. पण देव हलवताना घरं मागे सोडणाऱ्यांचं काय झालं असेल, हा विचार मला या कादंबरीनेच करायला लावला. आता जुवारीच्या पुलावरून जाताना खाली नदीकडे बघितलं जातंच.

सैल कोकणीतही लिहितात. कुंभारांच्या जगण्यावरच्या त्यांच्या 'हावठण' या कोकणी कादंबरीला 2016चा सरस्वती सन्मान मिळालाय. पुढे तीच वाचणार आहे, मुळातून. कुणी वाचली असेल तर जरूर सांगा, मला त्यावर बोलायला आवडेल.